मराठवाड्यात घराभोवती काय लावायचं: मे महिन्यात तगणारी आपल्याकडची झाडं कशी निवडायची

पहिला पाऊस पडला की नवीन घर बांधलेली मंडळी नर्सरीत जातेत, चार बॉटल पाम, एक गुलमोहर, कंपाउंडला लावायला कोनोकार्पस आणि बायकोला आवडली म्हणून बोगनवेल असं सामान टेम्पोत घालून आणतेत, दिवाळीपर्यंत सगळं हिरवंगार दिसतं आणि फेब्रुवारी संपला की खरी मजा सुरू होते. नळ आठ-दहा दिवसांनी येणार, बोअर मार्चमध्येच हवा ओढायला लागणार, आणि झाडांना रोज पाणी पाहिजे. ज्या भागातल्या लातूर शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात रोज पाणी मागणारी झाडं दारात लावायची म्हणजे दरवर्षीचं भांडण विकत घेणं आहे.

म्हणून हा लेख. ज्यांनी आजवर कुंडीत तुळस सोडून काही लावलेलं नाही पण आता घराभोवती थोडी जागा आहे आणि आपल्याकडचीच झाडं लावायची इच्छा आहे, त्यांनी काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं, ते सांगतो.

आधी झाड नाही, मे महिना बघा

कुठलीही यादी डाउनलोड करायच्या आधी एक काम करा. एप्रिल-मे मध्ये गाडी काढा आणि तुमच्या घरापासून आठ-दहा किलोमीटरच्या आतला एखादा ओढा, जुनं गावठाण, दर्गा किंवा देवळाचं आवार, शेताचे बांध, पांदण रस्ता, जवळ असेल तर डोंगरउतार बघून या. ४२ डिग्रीत कुणी पाणी न घालता जे झाड उभं आहे त्याचा फोटो काढा. पान हिरवं आहे का, फूल आहे का, पूर्ण निष्पर्ण आहे का, खाली सावली किती पडली ते लिहून ठेवा. शेतावर कुणी म्हातारा माणूस असेल तर त्याला नाव विचारा, त्याला मोबाईलमधल्या ॲपपेक्षा जास्त माहिती असतं आणि वरून त्या झाडाच्या लाकडाचा नांगर होतो की जळणच, हेही सांगतो.

हे एवढ्यासाठी की मराठवाडा सगळा एकसारखा नाही. आष्टी-पाटोद्याकडं वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर किनवट-माहूरकडं हजाराच्या आसपास. किनवटला साग, मोह, टेंभुर्णी जंगलात आपोआप येतं, ते बीडच्या बरड माळावर आणून लावलं तर रडत बसतं. बालाघाटाच्या डोंगरावर, येडशीच्या रामलिंग घाटात, कन्नडजवळ गौताळ्यात जी झाडं दिसतेत ती प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी वेगळी आहेत. नर्सरीवाला 'एकदम देशी आहे' म्हणून देतो ते झाड भारतातलं असेलही, पण कोकणातल्या नदीकाठचं असलं तर तुमच्या प्लॉटला त्याचा काय उपयोग. ताम्हण घ्या. महाराष्ट्राचं राज्यफूल, दिसायला सुंदर, पण मूळचं ओलाव्याच्या जागेचं. परभणीत लावता येतं, नाही असं नाही, पण त्याला पाणी द्यावं लागेल. सप्तपर्णीचं तेच. भारतातलंच झाड आहे, पण दमट जंगलातलं, आणि फुलल्यावर त्या वासानं काही लोकांचं डोकं उठतं ते वेगळं.

आणि परकीय म्हणजे सगळंच वाईट असंही धरून बसू नका. सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं आहे, पण बालाघाटाच्या दगडात ते असं रुजलंय की बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन आहे. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा, देवाला वाहतो तो पांढरा चाफाही तिकडचाच. ही झाडं पाणी कमी मागतेत आणि आपण होऊन पसरून रान खात नाहीत, राहू द्या. पण सुबाभूळ, घाणेरी म्हणजे टणटणी, वेडी बाभूळ ही मात्र दारात आणू नका, पुढच्या पिढीला उपटावी लागतेत.

माती: पैसे न लागणाऱ्या तीन टेस्ट

मराठवाड्यात प्लॉटवर साधारण तीन प्रकार भेटतेत. एक, खोल काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात चिखल. दोन, वर वीतभर माती आणि खाली मुरूम किंवा खडक. तीन, बांधकामाचा राडारोडा टाकून वर दोन ब्रास माती पसरलेली, जी शहरात सगळ्यात जास्त असते आणि बिल्डर तिला गार्डन एरिया म्हणतो.

पहिली टेस्ट, फूटभर खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, ते जिरलं की परत भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर निचरा नाही, तिथं पाणी साचलेलं सहन न करणारी झाडं लावू नका, लावलीच तर उंचवट्यावर लावा.

दुसरी टेस्ट, कोरड्या मातीच्या ढेकळावर लिंबू पिळा किंवा थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी आहे. आपल्याकडं हे फार ठिकाणी निघतं. चुनखडीच्या जमिनीत लोह असून झाडाला घेता येत नाही, मग नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसतं. गुलाब, जास्वंद, पेरू, कढीपत्ता यांच्यावर हे लगेच दिसतं आणि लोक खत मारत बसतेत. कडुनिंब, बोर, हिवर, बाभूळ, तरवड यांना चुनखडीचं फारसं काही वाटत नाही, कारण ती असल्याच मातीत वाढलेली आहेत. म्हणजे इथं झाड बदलायचं, माती बदलायच्या फंदात पडायचं नाही.

तिसरी, सब्बल मारून बघा. किती फुटावर 'टण्ण' वाजतं? दोन फुटाच्या आत खडक लागला तर मोठ्या झाडाचा हट्ट सोडा किंवा खडकात भेग शोधा.

ज्यांना नीट रिपोर्ट पाहिजे त्यांनी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासायला द्यावी, परभणीला तर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठच आहे. पण चार झाडांसाठी वरच्या तीन टेस्ट पुष्कळ झाल्या.

पाण्याचा हिशोब

हे लोक करत नाहीत आणि तिथंच सगळं बिघडतं. एका लहान झाडाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला १० ते १५ लिटर धरा. पाच झाडं म्हणजे आठवड्याला ७० लिटरच्या आसपास, साधारण चार-पाच बादल्या. तुमच्या घरात मे महिन्यात एवढं जास्तीचं पाणी निघतं का? भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी धरा, ते चांगलं असतं. अंघोळीचं पाणी चालतं, पण रोज एकाच झाडाला नको. वॉशिंग मशीनचं पाणी मात्र काळ्या मातीत नका सोडू, डिटर्जंटमधल्या सोडियमनं माती चोपण होते, वर पापडी धरते आणि पाणी आत जात नाही. आरओचं वाया जाणारं पाणी लोक झाडाला घालतेत, बोअरच्या पाण्याचा आरओ असेल तर त्यात क्षार मोक्कार असतात, ते साध्या पाण्यात मिसळून आणि कधीतरीच.

हिशोबात तीनच झाडं बसत असतील तर तीनच लावा. दहा लावून सात वाळवण्यात काय अर्थ आहे.

कुठल्या बाजूला काय, आणि किती लांब

घर तापतं ते पश्चिमेच्या उन्हानं. दुपारी दोन ते सहा जी भिंत भाजते तिच्यासमोर सावलीचं झाड पाहिजे. आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, आपल्याकडची बरीच झाडं पानगळीची आहेत, आणि प्रत्येकाची पानं जायची आणि यायची वेळ वेगळी आहे, म्हणून 'सावली देतं' एवढं ऐकून चालत नाही, कोणत्या महिन्यात देतं ते विचारायचं.

कडुनिंब फेब्रुवारी-मार्चला झडतो आणि गुढीपाडव्याला कोवळी पालवी अन् मोहोर घेऊन तयार असतो, म्हणजे एप्रिल-मेला भरगच्च सावली. करंजही तसाच, थोडे दिवस बोडका आणि लगेच चकचकीत नवीन पानं, उन्हाळ्यात सगळ्यात गार सावली त्याचीच. याउलट बहावा. पिवळ्या झुंबरांनी एप्रिल-मेमध्ये वेड लावतो पण त्याच वेळेला अंगावर पान नसल्यासारखंच असतं, तर पश्चिमेला सावलीसाठी म्हणून बहावा लावला तर फोटो भारी येतील, भिंत मात्र तापेल. पळस आणि पांगारा फुलतात तेव्हा निष्पर्ण असतात. म्हणून पश्चिम आणि नैऋत्येला कडुनिंब नाहीतर करंज, आणि फुलाचं झाड समोर रस्त्याकडून दिसेल असं. उत्तरेला अडुळसा, पारिजातक, मोगऱ्यासारखी थोडी सावली चालणारी.

अंतर. कडुनिंब, करंज भिंतीपासून कमीत कमी १५ फूट. वड, पिंपळ, उंबर हे गावाच्या सार्वजनिक जागेत लावायचे, ३० बाय ४० च्या प्लॉटवर नाही, मुळ्या भिंतीत, टाकीत, ड्रेनेजमध्ये कुठंही शिरतात. काळ्या मातीत आणखी एक भानगड असते, ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, मोठं झाड पायाजवळ असलं की तिथली माती जास्त वाळते आणि भिंतीला तिरप्या भेगा जायला लागतात. वर लाईटच्या तारा बघा, खाली पाण्याची पाईपलाईन बघा. शहरात झाड एकदा मोठं झालं की मनाला येईल तसं तोडता येत नाही, महाराष्ट्रात १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, महापालिका-नगरपालिकेची परवानगी लागते. तेव्हा जागा आत्ताच नीट धरा.

जागा किती आणि झाडं किती? हजार-बाराशे स्क्वेअर फुटाच्या प्लॉटवर घर सोडून जी जागा उरते तिच्यात एक मोठं झाड किंवा दोन लहान झाडं, बाकी झुडपं आणि एखादा वेल. यापेक्षा जास्त लावायला सांगणारा माणूस रोपं विकणारा आहे.

आता झाडं

मोठ्यात कडुनिंब आणि करंज सांगून झालं. कडुनिंबाबद्दल एवढंच की गेल्या काही वर्षांत पावसाळ्यानंतर त्याचे शेंडे वाळताना दिसतेत, लोक घाबरून झाडच तोडतेत. तोडू नका, वाळलेला भाग छाटा, बहुतेक झाडं उन्हाळ्यात परत फुटतात. करंजाच्या पानावर बारक्या गाठी येतात, त्यानं झाडाला काही होत नाही, फवारणीचं नाव काढू नका.

लहान प्लॉटसाठी माझं पहिलं मत आपट्याला. वेडंवाकडं, बुटकं, काळी साल, फांद्या खाली झुकलेल्या, नर्सरीत बघितलं तर कुणी उचलणार नाही असं रोप. पण जागा कमी घेतं, माळावरच्या मुरमात येतं, आणि दसऱ्याला सगळी गल्ली तुमच्या दारात. फक्त आपटा म्हणून कांचन गळ्यात मारतेत त्याकडं लक्ष ठेवा. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदी जास्त, आणि कांचनाचं तळहाताएवढं मोठं. कांचन वाईट नाही, जांभळी-गुलाबी फुलं येतात, सूर्यपक्षी येतात, पण पैसे आपट्याचे दिले असतील तर आपटाच घ्या.

मेडशिंगी हे नाव नर्सरीत सांगितलं तर माणूस तोंडाकडं बघतो. आपल्या कोरड्या डोंगरांवरचं झाड आहे, १५-२० फुटाचं, पांढरी सुवासिक फुलं उन्हाळ्यात येतात, वाकड्या लांब शेंगा धरतात. पाण्याची तक्रार नाही. हे मिळवायचं तर शेंगा तडकायच्या आधी बी गोळा करावं लागतं, कारण बी पातळ पंखाचं असतं आणि वाऱ्यावर जातं. काळा कुडा, सोनसावर म्हणजे गणेर, ही पण अशीच डोंगरातली आणि बागेत कुणी न लावलेली झाडं. सोनसावर दगडात येतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर मोठाली पिवळी फुलं धरतं.

पारिजातक घ्याच. ओसाड उतारावर पण येतो, उन्हाळ्यात थोडा केविलवाणा दिसतो, पाऊस पडला की सावरतो, आणि श्रावणापासून सकाळी सडा. पारिजातकाच्या वासाला साप येतो असं बरेच जण सांगतेत. वासाला काही येत नाही, साप येतो उंदीर-बेडकांमागं, आणि उंदीर येतेत विटा-फळ्यांच्या ढिगात, तो ढीग आधी हलवा.

फळाचं पाहिजे तर बोर, कवठ, आवळा, बेल, भोकर. भोकराचं लोणचं ज्यांनी खाल्लंय त्यांना वेगळं सांगायला नको. बेल सावकाश वाढतो आणि काटे असतात, लेकरांच्या खेळायच्या जागेपासून लांब. शेवगा लवकर येतो, दुसऱ्याच वर्षी शेंगा, पण लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडते, तेव्हा गाडी उभी करता तिथं नको आणि दरवर्षी छाटून बुटका ठेवा.

बाभूळ, हिवर, खैर घरच्या बागेत लोक लावत नाहीत काट्यामुळं, समजू शकतो. पण शेतात घर असेल तर बांधाला एक-दोन हिवर राहू द्या, सुगरणीचे खोपे बघायला मिळतील.

झुडपं आणि वेल, खरी बाग इथं होते

नवीन माणूस झाडाच्या मागं लागतो, पण लहान जागेत काम झुडपं करतात. त्यात तरवड. रस्त्याच्या कडेला, खडीत, कुणी न लावता वर्षातले कितीतरी महिने पिवळा फुललेला असतो म्हणून त्याला कुणी किंमत देत नाही. चार-सहा फूट वाढतो, शेळ्या-गुरं खात नाहीत, पाणी नको, खत नको. पूर्वी साल कातडं कमावायला वापरायचे. समोरच्या कुंपणाला तीन-तीन फुटावर तरवड लावला आणि वर्षातून एकदा पावसाळ्याआधी छाटला तर त्या बोगनवेलीची आठवण पण येणार नाही. त्याच्यावर आणि बहाव्यावर पिवळसर फुलपाखरं अंडी घालतात, तेव्हा पानं खाल्लेली दिसतील, ती दिसायलाच पाहिजेत.

कुंपणालाच आणखी मेहंदी, अडुळसा, निर्गुडी. अडुळसा वर्षभर हिरवा, जनावर तोंड लावत नाही आणि खोकल्याला घरचा. निर्गुडी ओढ्याकाठची, निळे तुरे येतात, मधमाशा असतात सारख्या. काटेरी पाहिजे तर करवंद, एकदा दाट झालं की मांजर पण आत येत नाही. त्याच्या खाली कोरांटी, पिवळी फुलं आणि काटे दोन्ही.

वासासाठी मोगरा, जाई, जुई, कुंद. यांना थोडं पाणी लागतं, म्हणून न्हाणीच्या बाजूला लावायची आपली जुनी पद्धत होती, ती बरोबर आहे. रातराणी मात्र वेस्ट इंडीजकडची, नावावर जाऊ नका.

कढीपत्ता तर लागतोच. त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखी बारकी अळी दिसली तर चिमटीत धरून मारू नका, थोड्या दिवसांत हिरवी होते आणि मग काळं फुलपाखरू. एवढी चार पानं गेली तर फोडणी काही अडत नाही.

वेलात गुळवेल, शतावरी, गोकर्ण. शेतातल्या घराला जागा असेल तर कुंपणावर उतरण आणि हरणदोडी आपोआप येते, उपटायच्या आधी विचार करा, फुलपाखरांच्या अळ्या याच्यावर वाढतात. रुईचं तसंच. पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, आणि कळलावी, गुंज, कण्हेर, बिट्टी, धोतरा ही सगळी विषारी. गुंजेचं बी लाल-काळं देखणं असतं आणि लेकरं तोंडात घालतेत. घरात लहान लेकरू असेल तर यातलं काहीच लावू नका, देशी असो नाहीतर विदेशी.

गच्ची असणाऱ्यांसाठी थोडक्यात: कोरांटी, मोगरा, कढीपत्ता, तुळस, अबोली, गवती चहा. रंगाच्या २० लिटरच्या बादल्या खाली भोकं पाडून वापरा, काळ्या प्लॅस्टिकची कुंडी गच्चीवर मे महिन्यात मुळ्या उकडून काढते. मार्च ते जून हिरवी शेडनेट. अबोलीला अर्धी सावली द्या.

रोप आणायचं की बी लावायचं

वन विभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत कडुनिंब, करंज, आपटा, बहावा, कांचन, आवळा, चिंच अशी रोपं स्वस्तात मिळतात, जूनच्या आधी फोन करून काय शिल्लक आहे विचारा. बीडजवळ पालवणला डोंगरावर सह्याद्री देवराई या देशी झाडं लावणाऱ्या संस्थेचं काम आहे, २०२० साली तिथं वृक्षसंमेलन झालं होतं, तिकडं गेलात तर माळावर कोणती देशी झाडं लावलीत ते एकाच ठिकाणी बघायला मिळतं.

खाजगी नर्सरीतला बराच माल आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकनं येतो. रोपं टवटवीत असतात पण मुळांभोवती लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो गोळा तसाच काळ्या मातीत ठेवला तर दोन्ही मातीचं जमत नाही, काळी माती ओली राहते आणि आतला गोळा कोरडाठाक, वरून पाणी घालूनही झाड वाळतं. तो गोळा लावायच्या आधी पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायचा आणि बाहेरची माती हातानं हलकीशी मोकळी करायची. रोप घेताना उंची बघून भुलू नका. सहा फुटाचं रोप लहान पिशवीत असेल तर मुळ्या आत गोल गोल फिरलेल्या असतात, ते झाड पाच वर्षांनी वाऱ्यात पडतं. दोन-अडीच फुटाचं, जाड खोडाचं, पिशवीच्या खालून मुळी बाहेर न आलेलं घ्या.

बी लावायचं असेल तर ज्याचं त्याचं तंत्र वेगळं. कडुनिंबाची निंबोळी ताजीच लावायची, दोन-तीन आठवड्यांत तिची उगवण घसरते, मागच्या वर्षीची डब्यात ठेवलेली उगवणार नाही. पळसाची सोटमुळी खोल जाते आणि रोप हलवलेलं त्याला मानवत नाही, म्हणून उन्हाळ्यात पडलेल्या पापड्या जूनमध्ये थेट जागेवर टोका. बहावा, आपटा, तरवड यांच्या बियांचं कवच कडक, त्या उकळून खाली उतरवलेल्या गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवायच्या नाहीतर खरखरीत दगडावर एका बाजूनं घासायच्या, मगच पाणी आत शिरतं. अडुळसा, निर्गुडी, मेहंदी, गुळवेल यांच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या पावसाळ्यात खोचल्या की बहुतेक लागतात, त्याला नर्सरीत कशाला पैसे घालायचे, शेजाऱ्याकडून आणा.

लावणी

खड्डा मे महिन्यातच करून ठेवा, झाडासाठी २ बाय २ बाय २ फूट, झुडपाला फूट-दीड फूट. उन्हानं तापू द्या.

मृगाचा पहिला पाऊस पडला की लावायची घाई नका करू. आपल्याकडं जूनमध्ये दोन पाऊस पडून पंधरा-वीस दिवस खंड पडणं हे नेहमीचंच. आर्द्रा लागू द्या, दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल खाली फूटभर गेली का ते बघा आणि मग वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओली पण चिखल नाही अशी झाल्यावर लावा. चिखलात लावलं तर काळी माती दाबली जाते आणि वाळल्यावर विटेसारखी होते.

खड्ड्यात काय भरायचं यावर यूट्यूबवर फार पदार्थ आहेत. काळ्या मातीत खड्डा खोदून त्यात नुसतं शेणखत, कोकोपीट आणि वाळू भरली तर तो खड्डा म्हणजे हौद होतो, आजूबाजूच्या मातीतनं पाणी बाहेर जात नाही आणि सप्टेंबरच्या पावसात मुळ्या कुजतात. निघालेलीच माती परत भरा, त्यात चौथा हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड. कच्चं शेण टाकलं की हुमणी (मुळ्या खाणारी अळी) आणि वाळवी दोन्ही आमंत्रण दिल्यासारखी येतात. काळ्या मातीत रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंचवट्यावर, आणि मुरमात उलटं, थोडं खोलगट आळं करून. खोडाला माती लागून ठेवू नका.

तुराटी किंवा पऱ्हाटी बाजूला रोवून सुतळीनं सैल बांधा. मोकाट जनावरं असतील तर बोराटीचे किंवा बाभळीचे काटे लावा, जाळीपेक्षा स्वस्त आणि जास्त खात्रीचं.

पहिले दोन उन्हाळे

ऑगस्टमध्ये खंड पडला तर तेव्हाच पाणी द्या, लोक पावसाळा आहे म्हणून बघत बसतेत आणि रोप तिथंच जातं. परतीचा पाऊस संपला की आळ्यात तीन-चार इंच जाड आच्छादन करा: उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, झाडलेला पाला, काहीही, पण खोडापासून चार बोटं लांब. वाळवी दिसली तर आच्छादन बाजूला करून निंबोळी पेंड टाका.

पाणी आठवड्यातून एकदा पण खोल. रोज मगभर घातलं तर मुळ्या वरवरच राहतात आणि तुम्ही चार दिवस लग्नाला गावाला गेलात की झाड गेलं. बुडाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात घातलेलं मडकं खोडापासून फूटभर लांब गाडा आणि आठवड्याला एक-दोनदा भरा, वर झाकणी ठेवा नाहीतर डास होतेत.

दुसऱ्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांतून एकदा. झुडपांचं, म्हणजे तरवड, निर्गुडी, कोरांटी यांचं, पाणी दुसऱ्या पावसाळ्यानंतर बंद केलं तरी चालतं. पानं थोडी गळतील, काही झुडपं काड्यांसारखी दिसतील आणि शेजारी 'मेलं की' म्हणतील. नखानं साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, पाणी नका वाढवू. झाडांचं पाणी तिसऱ्या उन्हाळ्यात तोडायचं, फक्त एप्रिलच्या मध्यात आणि मेच्या मध्यात एकेक भरपूर पाणी द्या आणि खोडाच्या जवळ नाही तर फांद्यांच्या घेराच्या कडेला घाला, कारण पाणी ओढणाऱ्या बारीक मुळ्या आता तिथं गेलेल्या असतात.